तेलाचा हात

मला घसरायला आवडतं. हे मी रनाळ्यात कुणासमोर बोलले तर बायका पदर तोंडाला लावून हसतील आणि संध्याकाळपर्यंत गावभर होईल. पण आहे ते आहे. पायांना दोन लांब पट्ट्या अडकवायच्या, हातांत दोन काठ्या धरायच्या आणि बर्फाच्या उतारावर स्वतःला सोडून द्यायचं. डोळ्यांतून पाणी वाहतं, आणि खाली पोचलं की पहिला विचार येतो तो परत वर जायचा. सत्तेचाळीस वर्षांची बाई आहे मी. दोन्ही गुडघे अजून शाबूत आहेत, आणि ते आहेत तोवर मी घसरणार.

आम्ही दोघं नॉर्वेत राहतो, डोंगरातल्या एका छोट्या गावात. मी रनाळ्याची, नवरा खापरचा, दोन्ही गावं नंदुरबार जिल्ह्यातली. बारा वर्षांपूर्वी त्याला तिथल्या वीजकेंद्रात नोकरी लागली आणि आम्ही गेलो. मी म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासाच्या स्वयंपाकघरात काम करते. आम्हाला मूलबाळ नाही, हेही आताच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी विचारायला नको. नवरा शांत माणूस आहे, मी नाही. तो एक वाक्य पुरं करतो तोवर माझं भांडण होऊन मिटलेलंही असतं.

पहिला हिवाळा मी हीटरला पाठ लावून काढला. आपल्याकडे थंडी म्हणजे सकाळी शेकोटी आणि दहा वाजता स्वेटर काढून खांद्यावर. तिथे दार उघडायचं तर आधी फावड्याने बर्फ बाजूला करावा लागायचा. दुसऱ्या हिवाळ्यात नवऱ्याने शाळेच्या जुन्या सामानाच्या बाजारातून दोघांसाठी स्की आणल्या. मी म्हटलं, हे कपाटावर ठेव आणि विसर. तो काही बोलला नाही, फक्त रविवारी सकाळी त्याने बूट दारात मांडून ठेवले. माझा स्वभाव असा की कुणी आग्रह केला तर मी जाणार नाही, आणि कुणी गप्प बसलं तर मला राहवत नाही. गेले.

पडलो हो, काय पडलो! सपाट जमिनीवर उभ्या उभ्या पडलो. शेजारची चार वर्षांची पोरगी आमच्या बाजूने सरसर निघून गेली आणि वळून आमच्याकडे दयेने बघू लागली. मला असा संताप आला की त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मी घरी आले नाही. महिनाभरात मी उतारावर उभी राहू लागले आणि नवरा चढावर. तो चढाला वाघ. एका लयीत, न थांबता, डोकं खाली घालून चढत राहतो. उतरताना मात्र पाय फाकवून ब्रेक लावत लावत येतो, आणि मी केव्हाच खाली पोचून थर्मासमधला चहा प्यायला सुरुवात केलेली असते.

हिवाळा आमचा झाला तो असा. रविवारी पाठीवर पिशवी टाकायची, पिशवीत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि दोन वांगी. वर पठारावर एक लाकडी झोपडी आहे, तिच्यापुढे शेकोटी करायची जागा आहे. तिथे बर्फात बसून आम्ही भरीत करतो. तिथली वांगी बेताचीच, आपल्याकडच्या हिरव्या वांग्याची सर नाही, पण थंडीत निखाऱ्यावर भाजलेलं वांगं सोलताना बोटं भाजतात तेव्हा मला कशाचीच उणीव वाटत नाही. मी सुखात होते. अगदी स्पष्ट सांगते, मी माझ्या आयुष्यात एवढी सुखात कधी नव्हते.

आणि हीच गोष्ट मी माझ्या आईपासून बारा वर्षं लपवून ठेवली.

आई रनाळ्यात असते. गावाबाहेर, नंदुरबारच्या रस्त्याला, मिरचीची पथारी सांभाळते. पथारी म्हणजे मोकळं मैदान. दिवाळीनंतर तिथे ओली लाल मिरची पसरतात, बायका रांगेने बसून देठ खुडतात, उन्हात ती वाळते आणि मग पोत्यांत भरतात. मैदान व्यापाऱ्याचं, माल व्यापाऱ्याचा, पण पोती कधी भरायची ते आई ठरवते. ती मूठभर मिरची उचलते, कानाशी नेऊन हलवते, मग हळूच दाबते. आत बी वाजलं पाहिजे आणि साल मोडता कामा नये. घाई केली तर पोत्यात बुरशी धरते, उशीर केला तर चुरा होतो. तिचा शब्द व्यापारी मोडत नाही. वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होते, आणि त्या हिवाळ्यापासून मीही तिच्याशेजारी उकिडवी बसून मिरची दाबू लागले. काही वर्षांत माझा हात असा बसला की आई दुसरीकडे बघत मला विचारायची आणि मी म्हणेन ते मान्य करायची. पथारी पुढे माझीच, हे तिने मनात धरलं होतं. मी लग्न करून खापरला गेले तरी काही बिघडलं नाही. जिल्ह्यातच होते, हंगामात येत होते. मग नॉर्वे निघालं.

निघायच्या दिवशी आई रडली नाही. बॅगा जीपमध्ये ठेवून झाल्या, तेव्हा तिने माझा उजवा हात धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "तुन्हा हात वाया गया."

बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या. हे वाक्य जिव्हारी लागलं आणि तिथेच राहिलं. भाजी चिरताना, बर्फ उपसताना, कधीही वर यायचं.

फोन मात्र ती नेमाने करायची. आणि दर फोनला एक प्रश्न ठरलेला, "हातले तेल लावस ना?" पथारीवर मिरचीला हात लावायच्या आधी सगळ्या बायका तळव्यांना शेंगदाण्याचं तेल चोळतात, नाहीतर दिवसभर हातांची आग आग होते. आईच्या मते थंडीही तशीच, हात फाडते. दरवर्षी कुणी ना कुणी तिकडे येणारं शोधून ती तेलाची बाटली पाठवायची. मी लावायचे. सवयच होती ती. सकाळी चहाचं आधण ठेवलं की हाताला तेल.

बाकी फोनवर मी रडगाणं गायचे. थंडी फार, अंधार फार, भाजी मिळत नाही, माणसं बोलत नाहीत. आईने साऱ्या गावात सांगितलं होतं की पोर पोटासाठी गेली, काय करणार. मी दुःखात असले की तिला माझ्याबद्दल माया वाटायची, आणि मला तिची माया हवी होती. फोन ठेवला की मी स्की खांद्यावर टाकून बाहेर पडायचे. लबाड म्हणा हवं तर. होतेच लबाड.

आता मेणाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच येतं. आम्ही जे स्की करतो त्यात डोंगर चढावाही लागतो. मग पट्टीच्या मधल्या भागाला खालून मेण लावतात. पाय दाबला की मेण बर्फाला पकडतं आणि चढता येतं, पाय उचलला की सुटतं आणि घसरता येतं. पण बर्फ रोज वेगळा. कोरडा असेल तर घट्ट मेण लागतं, ओलसर असेल तर मऊ. घट्टापासून मऊपर्यंत हिरवी, निळी, जांभळी, लाल अशा डब्या असतात. चुकीची डबी उचलली की एक तर पट्टीखाली बर्फाचे गोळे चिकटतात, नाहीतर मागे घसरायला होतं. लोक थर्मामीटर बघतात, तक्ते बघतात, आणि तरी चुकतात.

एका रविवारी गावच्या स्की क्लबाची मंडळी झोपडीपाशी डब्यांवरून वाद घालत उभी होती. क्लबची प्रमुख एक बाई आहे, आयुष्यभर डोंगरात टपाल वाटलं, आता निवृत्त. तिचाच आवाज सर्वांत मोठा. मी हातमोजा काढला, मूठभर बर्फ उचलला, दाबला, सोडला. हाताने सांगितलं. कसं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मी निळी डबी दाखवली. टपालवाल्या बाईने जांभळी लावली आणि अर्ध्या चढावर तिच्या पट्ट्यांना बर्फाचे एवढाले गोळे चिकटले. आम्ही दोघं निळ्यावर चढून गेलो. पुढच्या रविवारी तिने मला विचारलं. त्याच्या पुढच्या रविवारी सगळ्यांनी विचारलं. दोन हिवाळ्यांत मेणाची पेटी माझ्या ताब्यात आली.

मी फुगले होते, कबूल करते. आणि त्याच तोऱ्यात चूक करून बसले. क्लबची मोठी सहल होती, आम्ही दोघं धरून आठ जण, डोंगर ओलांडून पलीकडच्या झोपडीपर्यंत. मी म्हटलं, सगळ्यांच्या स्कींना मीच मेण लावते. सकाळी लवकर उठले, चहाचं आधण ठेवलं, आणि सवयीप्रमाणे तळव्यांना तेल चोळलं. पथारीवर असंच करतात ना! कामाला हात घालायचा तर आधी तेल. मग शेडमध्ये जाऊन आठ जोड्यांना मेण लावलं आणि तळव्याने दाबून दाबून एकसारखं केलं.

पहिल्याच चढावर आठही जण मागे घसरले. एक पाऊल पुढे, दोन मागे. माझा नवरा, चढाचा वाघ, तोंडावर आपटला. मला कळेना, बर्फ तर मी बरोबर ओळखला होता. टपालवाल्या बाईने स्की काढली, उलटी केली आणि मेणाचा वास घेतला. मग माझा हात ओढून त्याचा वास घेतला. तिने विचारलं, हे शेंगदाणे कुठून आले? सगळे बर्फात बसून पोट धरधरून हसले. मीही हसले, पण घरी येताना एकच वाक्य डोक्यात होतं. वाया गया. आईचंच तेल, आईचाच हात, आणि इथे दोन्ही फुकट.

त्या दिवशी सहल तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी मी पेटी परत द्यायला टपालवाल्या बाईकडे गेले. तिने पेटी घेतली नाही. म्हणाली, तेल धुऊन टाक, हात राहू दे. तेव्हापासून मी मेणाच्या दिवशी साबणाने दोनदा हात धुते, आणि आमच्या क्लबात कुणीही मागे घसरलेलं नाही.

यातलं काहीच आईला माहीत नव्हतं. गेल्या दिवाळीत तिचा फोन आला. गुडघे गेले होते, उकिडवं बसणं होत नव्हतं. व्यापारी म्हणत होता, दुसरं कुणी बघा. आई म्हणाली की तू ये आणि पथारी हातात घे, थंडीत झालं तेवढं पुरे. तू नाही म्हणालीस तर मी दुसऱ्या कुणाला देईन, पण तोंडावर येऊन नाही म्हण. नवऱ्याने रजा टाकली आणि डिसेंबरात आम्ही रनाळ्याला आलो. मी नाही म्हणायला आले होते.

आणि तीन दिवस पथारीवर बसून मिरची दाबत राहिले! नाही म्हणायला तोंडच उघडेना. तेल चोळून बसले, पहिलीच मूठ उचलली आणि सांगितलं, अजून दोन उन्हं. आईने स्वतः दाबून पाहिलं आणि मान हलवली. शेजारी धडगावकडची एक बाई बसायची, नवऱ्यासोबत दर हंगामात कामाला येणारी. घरी पावरी बोलते, आमच्याशी मोडकी अहिराणी. तिचा हातही चांगला होता, माझ्यापेक्षा जरा सावकाश, पण पक्का. बाकीच्या बायका मला चिडवत होत्या की गोऱ्यांच्या देशात राहून हिचा ठसका गेला नाही. आई गालात हसत होती. तिला वाटलं, आली पोर.

नवऱ्याने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, तू बोलतेस की मी बोलू? मी म्हटलं, पथारीवर नाही, एवढ्या बायकांसमोर नाही. मग त्यानेच काढलं की मामींना, म्हणजे माझ्या आईला, वर सातपुड्यात तोरणमाळला घेऊन जाऊ. कडाक्याची थंडी पडली होती, वर दव गोठतंय असं शहाद्याकडून येणारे लोक सांगत होते. तो म्हणाला, आपण तिकडे काय बघतो ते त्यांनाही दिसेल थोडं. आईने आढेवेढे घेतले, पण जावयाचा शब्द, आली. घाटात तिने डोळे मिटून जीपची दांडी घट्ट धरली होती. आम्ही वर एका खोलीत मुक्काम केला आणि सकाळी उजाडताच तळ्याकडे गेलो.

गवत पांढरं झालं होतं. झोपड्यांच्या पेंढ्यावर, कुंपणाच्या काट्यांवर, सगळीकडे पांढरा थर. आई शालीत गुंडाळून एका दगडावर बसली होती. तिने वाकून गवतावरून बोटं फिरवली, चिमूटभर गोठलेलं दव तळव्यावर घेतलं आणि बघत राहिली. तिच्या तळव्याला तेल होतं, सकाळीच लावलेलं. दवाचं पाणी होऊन त्यावर थेंब थेंब उभे राहिले.

मी बोलले. पथारी मी घेणार नाही, आम्ही तिथेच राहणार, हे एका दमात सांगितलं. आईने माझ्याकडे न बघता विचारलं, नोकरी सोडू देत नाहीत का. बघा, तीच मला वाट काढून देत होती. हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. ती गावात सांगायला मोकळी, मी बर्फात जायला मोकळी, पुढची दहा वर्षं पुन्हा रडगाणं. माझं मलाच किळसवाणं वाटलं.

"सोडू देतस," मी म्हणाले. "माले तठे आवडस, माय."

आईने हात शालीला पुसला. "बठ्ठा गावले मी सांगस, पोर पोटना करता गयी," ती म्हणाली. "आते काय सांगू?"

ती रागावली असती तर मी सहन केलं असतं. ती खरंच विचारत होती. बारा वर्षं ती माझ्या दुःखाचं ओझं वाहत होती, आणि मी तिला सांगत होते की ते ओझं नव्हतंच. मला रडू आलं. रडत रडतच मी सगळं सांगून टाकलं. घसरणं, पडणं, भरीत, शेजारची पोरगी. मेणाच्या डब्या. मूठभर बर्फ उचलून दाबणं. आणि तेलाची चूक, आठ जण मागे घसरले ती. मी म्हटलं, माझा हात वाया गेला नाही माय, तो रोज कामात आहे, आणि तो तूच बसवलास.

नवरा इतका वेळ पाठीमागे उभा होता. तो पुढे येऊन आईशेजारी खाली बसला.

"हिना हातवर आठ मानसं डोंगर चढतस, मामी," तो म्हणाला.

आईने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जवाईबापूंना थंडी वाजत असेल, चहा मिळतो का बघा, असं म्हणून उठली. दगडाचा आधार घेत उठली, माझा हात घेतला नाही. परत येताना ती माझ्याशेजारी न बसता जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली. मला वाटलं, संपलं. खरं बोलून मी आई गमावली.

दुसऱ्या दिवशी पथारीवर तिने धडगावच्या बाईला जवळ बोलावलं आणि सर्वांसमोर सांगितलं की पुढच्या हंगामापासून पोती हिच्या हाताने भरायची. त्या बाईने पदर तोंडावर घेतला. मी आनंदाने तिच्या पाठीवर थाप मारली. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. बाकीचे दिवस ती जेवायला वाढत होती, ताटात जास्तीचं तूप सोडत होती, आणि कामापुरतं बोलत होती. निघताना माझ्या बॅगेत मिरची घातली, कळण्याचं पीठ घातलं, आणि दरवर्षीसारखी शेंगदाणा तेलाची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली. ती बाटली बघून मी मनाशी म्हटलं, हिने माझं काहीच ऐकलं नाही. तेलाचं तर नाहीच नाही. मी एवढी रडले, एवढं सांगितलं, आणि पुन्हा तेल.

जानेवारीत तिचे फोन कमी झाले. आले तरी दोन मिनिटं. आणि तेलाचं ती विचारेनाशी झाली. आधी त्या प्रश्नाचा मला कंटाळा यायचा, आता तो येईल म्हणून मी फोन धरून थांबायचे. नवरा म्हणायचा, वेळ दे. मी म्हणायचे, तुझ्या आईने असं केलं असतं तर कळलं असतं तुला. मग तो फावडं घेऊन बर्फ काढायला जायचा, आणि मला आणखी राग.

फेब्रुवारीच्या शेवटी क्लबची मोठी सहल आली. तीच, डोंगर ओलांडून पलीकडे जायची. त्या वर्षीच्या फजितीनंतर ती दरसाल नीट पार पडली होती, पण या खेपेला रात्रभर नवा बर्फ पडला होता आणि थंडी उतरून अगदी काठावर आली होती. धड कोरडा नाही, धड ओला नाही. असा बर्फ भल्याभल्यांची परीक्षा घेतो. सकाळी सातला मी शेडमध्ये उभी होते. हात दोनदा साबणाने धुतलेले. आठ जोड्या समोर मांडलेल्या. निळी डबी उचलत होते, ठेवत होते. तेवढ्यात फोन वाजला. आई.

या वेळी ती कधी फोन करत नाही. रनाळ्यात साडेअकरा झाले असणार, पथारीवरची ऐन कामाची वेळ. मी विचारलं, काय झालं, बरी आहेस ना? ती म्हणाली, मला काय धाड भरली आहे. मग म्हणाली, "काय करी ऱ्हायनी?"

आणि पहिल्यांदा मी खरं उत्तर दिलं. म्हटलं, मेण लावतेय, आठ जणांना, मोठा डोंगर आहे, आणि बर्फ असा पडलाय की हाताला कळत नाही. मला वाटलं, ती हं म्हणून दुसरं काही काढेल.

"मुठमा धर," आई म्हणाली.

मी फोन खांद्याने कानाशी दाबला, दाराबाहेर वाकून मूठभर बर्फ घेतला. तिने विचारलं, गोळा होतो का. मी दाबलं आणि सांगितलं, होतो, पण सोडला की फुटतो. हात ओला होतो का? नाही. ऊन कधी निघतं तिकडे? मी म्हटलं, दहाला, डोंगराच्या आडून. आणि तुम्ही वर कधी पोचता? दुपारी. ती विचार करत होती. मागे पथारीवरच्या बायकांचा आवाज येत होता, कुणीतरी खोकत होतं.

"आतेनं दखू नको," ती म्हणाली. "दुपारनं दख."

बरोबर. पथारीवरचा तिचा पहिला नियम. सकाळच्या मिरचीवरून पोतं भरायचं नाही, उन्हानंतर ती कशी होईल त्यावर भरायचं. तीस वर्षांपूर्वी शिकवलेलं, आणि मी फक्त सकाळचा बर्फ बघत निळी डबी धरून उभी होते. सकाळपुरतं निळं मेण लावायचं ठरवलं आणि दुपारी बर्फ ओलसर होईल तेव्हा वरच्या चढासाठी लावायला जांभळी डबी कोटाच्या खिशात टाकली. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, हां. मग म्हणाली, इथे बायका विचारत आहेत तू काय करतेस, मी त्यांना सांगितलं. मी विचारलं, काय सांगितलंस? ती म्हणाली, जे करतेस ते.

नवरा दारात येऊन उभा राहिला, माझा चेहरा बघून तिथेच थांबला. तिकडून आईने कुणाला तरी हाक मारली, ती मिरची हलव, ही नको, असं काहीतरी सांगितलं. मला वाटलं, फोन ठेवला. पण ती परत आली.

"आनि ऐक," ती म्हणाली. "आज हातले तेल लाऊ नको."

मी हो म्हटलं. फोन ठेवला, नळाशी गेले, दोनदा धुतलेले हात तिसऱ्यांदा धुतले, आणि पहिली स्की उचलली.